पाठीमागचा त्रिकोण

१

मोटरीला पेट्रोल पाजायचं काम माझं. डब्यात आधी ऑईल, मग पेट्रोल, मग झाकण लावून तान्ह्या पोराला खेळवावं तसं हलवायचं. पन्नास वर्षं मी फवारणीचे पंप आणि लुना दुरुस्त केल्या. त्यामुळं असलं लहान इंजिन नुसतं खोकलं तरी त्याला कुठं दुखतंय ते मला कळतं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली. तिथं माझं शिक्षण संपलं आणि नाव सुरू झालं.

कोडोलीत गुंडू मिस्त्री समोर आला की माणूस आधी खिसा चाचपतो, मग चपलांकडं बघतो, मग रामराम म्हणतो.

क्रांती माझी नात, लेकीची लेक. पाठीला मोटर आणि पंखा बांधते, मागं जमिनीवर कापडाची छत्री पसरते, वीस पावलं पळते आणि गावाच्या वरच्या माळावरनं आभाळात जाते. उद्घाटन, लग्न, यात्रा असली की वरनं पाकळ्या टाकायला तिला बोलावणं येतं. माळावर आम्ही तिघंच. ती, मी आणि आरिफ. आरिफचं मोबाईलचं दुकान आहे, सामान न्यायचा टेम्पोही त्याचाच.

आमची पद्धत ठरलेली. उतरायच्या आधी ती वॉकीटॉकीवर विचारणार, "आज्जा, येऊ?" मी वाऱ्याची पिशवी बघणार. ही पिशवी मी बायकोच्या नारंगी परकराची शिवलीय. बयाबाईला वाटतं परकर वाऱ्यानं उडून गेला, आणि एका अर्थानं ते खरंच आहे. पिशवी नीट एका अंगाला फुगली असली की मी म्हणणार, "ये." मी म्हटल्याशिवाय ती उतरत नाही. या एका शब्दात मी कधी थट्टा केली नाही. बाकी सगळ्यात केली.

२

दिवाळीनंतर आरिफनं तो चष्मा आणला. दिसायला उन्हाच्या चष्म्यासारखाच, जरा जाड. घातला की उजव्या काचेच्या कोपऱ्यात हिरवे आकडे येतात. उंची किती, वेग किती, वारा कुठला, माळ कुठल्या दिशेला. दोन्ही हातांत छत्रीच्या दोऱ्या असताना मनगटावरच्या यंत्राकडं बघायला नको, म्हणून ही सोय.

क्रांतीनं तो घातला आणि मी समोरनं बघितलं, तर तिच्या डोळ्यापुढं आकडे उलटे दिसत होते, आरशात दिसावेत तसे.

"मामा, आणि एक गंमत हाय," आरिफ म्हणाला. "आसपास दुसरं कोण असाच चष्मा घालून उडत असलं, तर त्याचा त्रिकोण दिसतोय. किती लांब, किती उंच. टक्कर हुयाला नको."

"कोडोलीत दुसरं उडतंय कोण? कोंबड्या?"

"कोण न्हाय. पण सोय हाय."

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांती वर होती, मी टेम्पोच्या फाळक्यावर बसून शेंगा खात होतो. वॉकीटॉकी खरखरली.

"आज्जा, आज दुसरं कोण आलंय?"

"कुठं?"

"वर. माझ्या मागं. नऊशे मीटर दाखवतंय."

मी बघितलं. आभाळ धुतल्या ताटासारखं. तिची लाल छत्री, आणि लांब एक घार.

"घारीनं चष्मा घेतला असंल," मी म्हटलं.

"आज्जा, मी वळलो की त्यो बी वळतोय. कायम मागंच."

आमच्याकडच्या पोरी 'येतो, जातो' असंच बोलतात, पुण्याचे पावणे ऐकून दचकतात. पण त्या दिवशी तिच्या बोलण्यातलं दुसरंच काहीतरी माझ्या कानाला लागलं. ती हसत नव्हती. आणि क्रांती थाप मारताना कधीच हसत नाही, ते तिला मीच शिकवलंय.

म्हणून मी ओळखलं. पोरगी आज्जाची फिरकी घेतेय.

३

ज्यानं आयुष्यभर लोकांना फसवलं, त्याला एक रोग लागतो. कुणी नुसतं "पाऊस आला" म्हटलं तरी तो आधी हात बाहेर काढून बघतो.

मी हिशेब मांडला. माझ्यावर दात कुणाकुणाचा? क्रांतीचा आहे. तिला बघायला पावणे आले तेव्हा मी नवऱ्या मुलाच्या चहात मीठ घातलं होतं. लग्न मोडलं, पोरगी खूश झाली, पण दात तो दात. आरिफचा आहे. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'मोबाईल'च्या जागी 'म्हशी' लिहून ठेवलं होतं, दोन दिवस लोक म्हशीची चौकशी करत होते. म्हणजे चष्मा आणला आरिफनं, त्रिकोण दिसला क्रांतीला. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला घुमवायचं ठरवलंय.

मी आरिफला सरळ विचारलं.

"अल्लाशप्पथ मामा, मी काय केलेलं न्हाय."

"मग त्रिकोण कुठला?"

त्यानं डोकं खाजवलं. "सिग्नल डोंगरावर आपटून परत येत असंल. म्हंजे क्रांतीच क्रांतीला दिसतीया."

हे मला पटलं. विहिरीत ओरडलं की आपलाच आवाज परत येतो, तसं. पण विहिरीतला आवाज आपल्याच अंतरावर राहतो. हा त्रिकोण दुसऱ्या दिवशी सहाशेवर आला. चौथ्या दिवशी साडेतीनशेवर.

त्याच दिवशी क्रांती उतरली, मोटर बंद केली आणि पाणी प्यायला गेली. चष्मा टोपीत ठेवलेला. मी गुपचूप डोळ्याला लावला.

त्रिकोण होता. अंतर शून्य, उंची एकशेचाळीस. बरोबर डोक्यावर.

मी चष्मा काढून वर बघितलं. काही नाही. निळं आभाळ. पण मोटर बंद होती, टेम्पो बंद होता, वारा पडला होता. आणि वरनं बारीक आवाज येत होता. सूं, सूं, सूं. छत्रीच्या दोऱ्या वाऱ्यात ताणल्या की येतो तो. मी तो हजारदा ऐकलाय. क्रांतीची छत्री माझ्या पायापाशी घडी होऊन पडली होती.

"कानात मळ झालाय," मी मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हटलं.

४

धोंडुबाई माळाच्या कडेला म्हशी चारते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली, आणि गावात मला गुंड्या म्हणणारी ती एकच उरलीय.

"गुंड्या, तुझ्या नातीला सांग, म्हशीवरनं उडू नको म्हणावं. बुजल्या की."

"कवा उडली?"

"काल. बुधवारी. दुपारच्याला."

बुधवारी आम्ही उडलोच नव्हतो. क्रांती कोल्हापुरात होती आणि छत्री पोत्यात भरून माझ्या खाटेखाली.

"धोंडे, छत्री कसली हुती? लाल?"

"रंगाचं न्हाय बाई ध्यानात. उन्हाकडं हुती. पण मोटर न्हाय वाजत, काय न्हाय. नुसतीच आली वरनं, गपगार. म्या हाक मारली, 'क्रांते!' म्हणून. तर मान वळवून बघितलं तिनं."

"मग?"

"मग काय. बघतच राह्यली. लांब जाईस्तोवर. म्होरं न बघता कोण उडतंय व्हय रं? मान मोडंल की."

मी धोंडुबाईच्या तोंडाकडं निरखून बघितलं. ही बाई थाप मारताना नाक ओढते. नाक ओढलं नाही. पण मी मनाला समजावलं. गेल्या शिमग्याला मी हिच्या म्हशीला गॉगल लावून गावातनं फिरवली होती. ही पण त्या दोघांना सामील. तिघं झाले. हातात हात घालून म्हातारा नाचवायचा बेत आहे, आणि मी जर एकदा घाबरलेला दिसलो, तर गावच्या कट्ट्यावर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

हे नीट ध्यानात घ्या. माझ्या हातनं जे चुकलं ते इथं.

५

मी सापळा लावला. शुक्रवारी क्रांती एका लग्नाचं ठरवायला मलकापूरला जाणार होती. चष्मा तिच्या फोनला जोडलेला. फोनशिवाय तो आंधळा, असं आरिफनंच सांगितलेलं. ती फोन घेऊन गेली. चष्मा मी आदल्या दिवशीच तिच्या पिशवीतनं काढून ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला होता. आता बघू म्हटलं, फोन नसताना ह्यांचा त्रिकोण कसा नाचतो ते.

दुपारी तीन वाजता स्वयंपाकघराचं दार लोटलं. बयाबाई चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती. मी डब्यात हात घातला, ज्वारी झटकली, चष्मा लावला.

काच काळी. उंची नाही, वेग नाही, वारा नाही. मी हसलो. आरिफभाई, सापडला की रं!

मग कोपऱ्यात त्रिकोण आला. एकटाच.

अंतर बारा. उंची चार.

आमच्या घराचा पत्रा जमिनीपासून साधारण तेवढाच.

"अवो," बयाबाई वर बघत म्हणाली, "पत्र्यावर कोण कापडं वढतंय?"

मलाही ऐकू येत होतं. जड काही नाही. भिजलेलं लुगडं फरशीवरनं ओढत न्यावं, तसं. न्हाणीकडनं सुरू झालं आणि हळूहळू आमच्याकडं आलं. काचेत अंतर कमी होत होतं. नऊ. सात. चार.

"माकडं असतील," मी म्हटलं.

"माकडं उड्या मारत्यात. ह्ये चालतंय."

दोन.

आवाज थांबला. बयाबाईच्या हातातलं उलथणं थांबलं. तव्यातले शेंगदाणे करपायला लागले तरी आम्ही दोघं वरच बघत होतो. पत्र्याला खिळ्याचं एक भोक आहे, त्यातनं उन्हाचा कवडसा रोज दुपारी ओट्यावर पडतो. तो पडलेला होता. बघता बघता तो विझला. वर कुणी भोकावर काहीतरी ठेवल्यासारखा. किंवा डोळा लावल्यासारखा.

मी चष्मा काढून ज्वारीत खुपसला आणि डब्याचं झाकण दाबून धरलं. किती वेळ धरलं माहीत नाही. कवडसा परत आला तेव्हा बयाबाईनं तवा उतरवला.

"क्रांतीला सांगा," ती म्हणाली. "उडू देऊ नका पोरीला."

"सांगतो," मी म्हटलं.

६

सांगितलं नाही.

शनिवारी अख्खा दिवस ती माझ्यासमोर होती. मोटरीचा प्लग मी साफ करत होतो, ती दोऱ्या तपासत होती. तोंड उघडलं की मला कट्टा दिसायचा. गुंडू मिस्त्री त्रिकोणाला भ्याला! आरिफ टाळी देतोय, धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसतेय. पत्र्यावर आरिफचा एखादा दोस्त चढला असेल की. कापड घेऊन. शुक्रवारी त्याचं दुकान बंदच असतं. चष्म्यातला आकडा? आजकाल दुकानात बसून काहीही करता येतं म्हणतात.

इतकं सगळं जुळत होतं की मला बरं वाटायला लागलं.

"चष्मा कुठं गेला रं आज्जा?" संध्याकाळी तिनं विचारलं. "दोन दिवस शोधतोय मी."

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण मी हसलो, नजर ज्वारीच्या डब्याकडं गेली, आणि ती समजली. डबा उपसला, ज्वारी सांडली, चष्मा फुंकून घेतला. "कवा सुधरणार तू?"

७

रविवारी सकाळी ती वर गेली. ऊन कोवळं, वारा सरळ. मी वॉकीटॉकी दोन्ही हातांनी धरली होती.

"मागं काय हाय का गं?"

"आज न्हाय आज्जा! स्वच्छ."

मला इतका आनंद झाला की मी आरिफला लाडात एक शिवी दिली. दमला असेल त्यांचा त्रिकोण. पोरगी वर गिरक्या घेत होती आणि तिच्या छत्रीची सावली गवतावरनं लांबलचक पळत होती. मी सावलीकडं बघत बसलो.

जरा वेळानं ध्यानात आलं की सावल्या दोन आहेत.

एक पळत होती. दुसरी मोकळ्या पट्टीवर, जिथं क्रांती उतरते तिथं, पडून होती. स्थिर. छत्रीच्या आकाराची. मी वर बघितलं, तिच्यावर आभाळात काही नव्हतं. सावलीखालचं गवत आडवं झोपलेलं, तेवढंच.

"आज्जा," वॉकीटॉकी बोलली, "त्रिकोण आला. पण मागं न्हाय. म्होरं. उंची शून्य." आणि ती मोकळं हसायला लागली. "आपल्या माळावरच हाय की! सापडलास! दुसरा चष्मा तुझ्याकडं हाय व्हय? आठवडाभर मला घुमवतोयस!"

"क्रांते, मी न्हाय."

"बास झालं. तू उभा हैस तितंच येतो बघ आता."

"येऊ नको. माझी आण हाय, येऊ नको."

माझी आण! गावात माझ्या आणेवर कुत्रं उठत नाही.

"पेट्रोल संपत आलंय. पिशवी सरळ दिसतीया मला. आलो."

पहिल्यांदाच तिनं माझ्या 'ये'ची वाट बघितली नाही. लाल छत्री वळली, खाली यायला लागली.

मी पळालो. एकाहत्तर वर्षांची ढांग टाकत, वाऱ्याच्या पिशवीचा बांबू उपटून, पट्टीवर. मागनं आरिफ ओरडत होता, "मामा, वेड लागलं काय! आडवं जाऊ नका!" मला सावलीत शिरायचं नव्हतं. पण तिची जागा अडवायची तर तिथंच उभं राहावं लागणार होतं.

मी आत पाय टाकला.

ऊन गेलं. थंडी नाही म्हणता येणार. विहिरीच्या तळाशी असतं तसलं काहीतरी. डोक्यावर दोऱ्या वाजत होत्या, सूं, सूं. आणि माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, हवेत हिरवे आकडे लटकत होते.

उलटे.

समोरच्या माणसाच्या काचेत दिसतात तसे. काच नव्हती. माणूस नव्हता. आकडे तेवढे, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. कोपऱ्यात एक त्रिकोण, आणि त्याच्याखालचा आकडा भराभर उतरत होता. दोनशे. एकशे साठ. एकशे दहा. मी चौथीतनं पळालेला माणूस, पण उलटे आकडे वाचायला मला वेळ लागला नाही. तो त्रिकोण जिचा, ती लाल छत्री माझ्या पाठीमागनं, आभाळातनं, इकडं येत होती.

हे जे काही होतं, त्याच्या काचेत माझी नात होती.

मी त्याच्याकडं पाठ केली आणि बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला लागलो. ओरडत होतो काय, ते आठवत नाही. तिनं मला बघितलं. शेवटच्या क्षणाला तिनं एका अंगाची दोरी ओढली, मोटर खोकून बंद पडली, छत्री माझ्या टाळूवरनं सपकन गेली आणि माळाच्या खालच्या उसात कोसळली.

मी वळलो. आकडे अजून होते. त्रिकोणाखालचा आकडा आता वाढत होता. पन्नास, साठ. मग तो थांबला, आणि हिरवं एकदम विझलं. पायाखाली ऊन आलं.

उसातनं क्रांती शिव्या घालत होती. तेवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

८

हात दोन ठिकाणी मोडला. कोल्हापुरात प्लास्टर झालं. आरिफनं दवाखान्यात मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाला, "मामा, आजवर हसलो. आता न्हाय." गावात बोलतात, म्हाताऱ्यानं मस्करीत नातीचा जीव घेतला असता. ती दवाखान्यात असताना मी करवत घेऊन पंख्याची दोन्ही पाती कापली. तेही मस्करीतच जमा झालं.

तिसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यातल्या खोलीत बोलावलं. बयाबाईला बाहेर जायला सांगितलं.

"आज्जा, एकच विचारतो. तू बांबू घेऊन आडवा आलास, ते मी बघितलं. पण तुझ्या मागं बाई उभी हुती, ती कोण?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"हेल्मेट घातलेली. माझ्यासारखंच. तू हातवारे करून जा म्हणत हुतास, आणि ती तुझ्या खांद्यावरनं हात करून मला ये म्हणत हुती. तोंड दिसलं न्हाय. खरं सांग, कोण हुती? प्लास्टर निघालं की मी परत वर जाऊन बघणार हाय, एवढं ध्यानात ठेव."

ती जाणार. मला माहीत आहे, माझंच रक्त. पाती नवी मिळतात. मी खरं बोललो तर ती पहिल्याच दिवशी जाणार.

म्हणून मी दात काढले.

"बाई कसली? बुजगावणं हुतं! आठ दिवस खपलो त्याच्यावर. लुनाची स्प्रिंग घातली हाताला, म्हणून हालत हुतं. दुसरा चष्मा बी त्यालाच घातलेला. त्रिकोण, आज्जीला पत्र्यावर ऐकू आलं ते, समदं माझंच. धोंडी काय बोलली तर ती बी पढवलेलीच."

ती बघत राहिली. मी हसू धरून ठेवलं. कधी नाही इतकं जड लागलं ते.

"पोरीच्या जिवाशी खेळलास," ती हळू म्हणाली. "पुन्हा मी तुझ्या माळावर पाय ठेवणार न्हाय. छत्री विकून टाक. आणि तू माझ्याशी बोलू नको." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर बयाबाई बाकावर बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "काय झालं? काय म्हणाली?"

मी भिंतीला धरून खाली बसलो.

"काय न्हाय," म्हटलं. "थाप पचली."